वेल्सच्या बाजूने अकरा मतं

अकरा बायकांना एका संगणकापुढे रांगेनं बसवून मी वेल्स देशाची बाजू बुडवली. आयुष्यात मूर्खपणे पुष्कळ केले, पण त्या सगळ्यांत हा पहिल्या नंबरचा. आणि पोरवयातला म्हणून सोडून द्यावा, तर तसाही नाही. तेव्हा मी एकसष्टची होते. तीस वर्षं पुण्यात मुलींना भूगोल शिकवून निवृत्त झालेली, आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचं जे एक खास वय असतं, त्यात नुकतीच शिरलेली. आता ऐंशीला टेकले, तरी त्या बाईचा मला संताप येतो. ‘ती बाई’च म्हणते, तिला ‘मी’ म्हणायला जीभ रेटत नाही.

मुलगा आणि सून दोघंही सिंगापूरच्या बँकांत. फ्लॅट सेम्बावांगला, सातव्या मजल्यावर. सकाळी साडेसातला घर रिकामं व्हायचं, नातूसुद्धा शाळेत जायचा, आणि मी माझ्या व्हिजिट पासवर त्या सातव्या मजल्यावर लटकत राहायचे. टीव्हीवरच्या मालिका मला पाहवत नाहीत. त्यातल्या सासवा माझ्यापेक्षा जास्त दागिने घालतात. मग मुलानं हॉलमधल्या संगणकावर इंटरनेटवरचा तो विश्वकोश दाखवला, जगातल्या कुणीही उठून लिहावा आणि कुणीही खोडावा असा. “आई, बघ, तुझ्या कामाचं आहे,” म्हणाला बिचारा. पुढे किती वेळा करपलेला भात खावा लागणार आहे, हे त्याला कुठं ठाऊक.

आपल्याकडच्या एका नदीवरच्या लेखात कुणीतरी उजव्या काठावरचं गाव डाव्या काठावर नेऊन ठेवलं होतं. मी ते परत आणलं. बटण दाबलं आणि दुरुस्ती साऱ्या जगाला दिसायला लागली! ना मुख्याध्यापिकेची सही, ना संस्थेचा शिक्का. त्या दिवसापासून मी बिघडले. रोज चार-पाच तास मी जगाच्या वह्या तपासायला लागले.

त्या तपासणीत मी काय काय केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. दोन-तीन माणसांवरच्या लेखांत सुरुवातीलाच ‘वेल्श’ असं लिहिलेलं होतं. ते खोडून मी ‘इंग्रज’ केलं, आणि एक चूक दुरुस्त केल्याच्या समाधानात उठून चहा टाकला. आपल्या लेखी सगळे इंग्रजच होते ना! दीडशे वर्षं राज्य केलं त्यांनी, त्यांच्यात कोण स्कॉटलंडचा, कोण वेल्सचा, हे विचारायला आपण गेलो होतो का? तीस वर्षं वर्गातल्या नकाशावर त्या अख्ख्या बेटावर पट्टी आपटून मी “हे इंग्लंड!” म्हणून शिकवलं. किमान दीड हजार मुलींच्या डोक्यात तो गोंधळ माझाच आहे. कुणी वाचत असेल तर माफ करा गं.

मला सरळ केलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीनं. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठी, काठीसारखी ताठ, पांढऱ्या केसांची गोरी बाई. पहिल्यांदा लिफ्टमध्ये भेटली तेव्हा मी शिक्षिकेच्या इंग्रजीत विचारलं, “तुम्ही इंग्लंडच्या ना?”

तिनं मला नखशिखांत न्याहाळलं. “आणि तुम्ही श्रीलंकेच्या ना?”

“नाही नाही! मी भारतीय!”

“असं होय. मला वाटलं, शेजारीच तर आहे.”

तिसरा मजला आला आणि ती उतरून गेली. मी सातव्यापर्यंत धुमसत राहिले, आणि मग हसू आवरेना म्हणून परत खाली जाऊन तिची बेल वाजवली. आमची मैत्री झाली ती अशी.

वेल्समधलं एक खेडं, जिथे डोंगर फोडून घरांच्या छपरांसाठी पाटीचा दगड काढत. तिथल्या खाणकामगाराचा मुलगा शिकून अभियंता झाला, इथल्या जहाजगोदीत नोकरीला आला; हे तिचे वडील. ती नऊ वर्षांची असताना आली. पुढे गोदीतल्याच एका चिनी कारकुनाशी तिनं लग्न केलं, आणि तिच्या आईनं दोन वर्षं अबोला धरला. मूलबाळ नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. वडील इथल्या सामुद्रधुनीच्या भरती-ओहोटीवर दोन पुस्तकं लिहून गेले, त्या पुण्याईवर विश्वकोशात त्यांच्यावर सहा ओळींचा लेख होता.

एका दुपारी मी थालीपीठ घेऊन गेले, तर तिनं माझ्यापुढे एक कागद टाकला. वडिलांच्या गावातलं प्रार्थनामंदिर शंभर वर्षांचं होत होतं, त्याची पुस्तिका निघणार होती. पुस्तिका करणारे गृहस्थ इंग्लंडहून निवृत्त होऊन तिथे राहायला गेलेले. त्यांनी विश्वकोशातला मजकूर जसाच्या तसा उचलून तिला पाहायला पाठवला होता. पहिलीच ओळ: ‘अमुक अमुक हे इंग्रज अभियंता होते.’ ‘इंग्रज’खाली पेन्सिलीची रेघ इतकी जोरात ओढलेली की कागद फाटला होता.

“माझे वडील झोपेत बडबडायचे तेही वेल्शमध्ये,” ती म्हणाली. “आणि त्यांच्या स्वतःच्या गावात त्यांना इंग्रज म्हणून छापणार. हे तुझ्या त्या यंत्रात बदलता येतं?”

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, बघते, प्रयत्न करते. ती एकसष्टची बाई काय म्हणाली? “दोन मिनिटांचं काम. सोडा माझ्यावर.”

वर आले, ‘इंग्रज’ खोडलं, ‘वेल्श’ लिहिलं. दहा मिनिटांत कुणीतरी परत ‘इंग्रज’ केलं. मी पुन्हा बदललं, त्यानं पुन्हा. तिसऱ्यांदा मला ताकीद आली: असं खोडाखोडीचं युद्ध इथे चालत नाही, लेखामागच्या चर्चेच्या पानावर या आणि मुद्दा मांडा.

हा खोडणारा कोण, कुठला, मला कधीच कळलं नाही. तिथे कुणाला चेहरा नसतो, नुसती टोपणनावं. मी त्याला मनात ‘मामलेदार’ म्हणायचे, कारण तो प्रत्येक वाक्य सरकारी हुकमासारखं लिहायचा. मामलेदारांचं म्हणणं असं: इथल्या जुन्या वर्तमानपत्रात या गृहस्थांचा मृत्युलेख छापून आला आहे, त्यात ‘इंग्रज अभियंता’ असं स्वच्छ लिहिलंय. छापील पुरावा आहे, विषय संपला.

मी लिहिलं, त्यांची मुलगी माझ्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते, तिनं स्वतः मला सांगितलंय.

मामलेदारांचं उत्तर: ‘मुलगी हा प्रकाशित स्रोत नाही.’

वाचून माझ्या अंगाची लाही लाही झाली. सख्खी मुलगी! माझ्या हातचं थालीपीठ खाणारी, पंचाहत्तरी उलटलेली, बापाची चष्म्याची डबी जपून ठेवणारी जितीजागती मुलगी पुरावा नाही. आणि कुण्या घाईतल्या वार्ताहरानं वीस वर्षांपूर्वी, माझ्याचसारखं सगळ्या गोऱ्यांना इंग्रज समजून, खरडलेली ओळ मात्र पुरावा!

मग त्या चर्चेत आणखी लोक उतरले. कुणी म्हणालं, वेल्श असं राष्ट्रीयत्वच नसतं, पासपोर्ट काय वेल्सचा असतो का? कुणी म्हणालं, वेल्स हे राष्ट्र आहे पण सार्वभौम राज्य नाही, हा फरक समजून घ्या. त्यावर मंडळी पाच दिवस भांडली. एक शांतताप्रेमी म्हणाला, मधला मार्ग काढू, नुसतं ‘ब्रिटिश’ लिहू. मधला मार्ग म्हणे! पुढचा प्रश्न असा आला की माणूस पन्नास वर्षं सिंगापुरात राहिला, तर त्याला सिंगापूरचाच का म्हणू नये? म्हणजे त्या मेलेल्या माणसाला चार देश वाटून घेत होते, आणि त्याचं स्वतःचं खेडं तेवढं कुणी त्याला देत नव्हतं.

माझा पारा इतका का चढला होता, हेही सांगायला हवं. त्याच महिन्यात नातवाच्या शाळेचा कागद घरी आला होता. त्यावर नातवाची मातृभाषा म्हणून ‘हिंदी’ छापलेलं. मी तडक शाळेच्या खिडकीशी गेले. तिथल्या मुलीनं फार गोड आवाजात समजावलं की आंटी, शिकवल्या जाणाऱ्या भाषांच्या यादीत मराठी नाही, म्हणून तुम्ही लोक हिंदी घेता. मी म्हटलं, “अगं, घेतो म्हणजे? आई काय दुकानातून घेतात का?” ती हसली. हसण्यासारखं काय होतं? घरी येऊन हे मुलाला सांगितलं, तर तो जेवता जेवता म्हणाला, “आई, तो नुसता फॉर्म आहे. हिंदीत मार्क चांगले पडतात.” आणि ज्याच्यासाठी मी लढत होते तो आठ वर्षांचा वीर इथल्या पोरांसारखा शेवटी ‘ला’ चिकटवत म्हणाला, “आजी, डोन्ट फाइट विथ माय स्कूल, ला!”

तर असा सगळा राग मी मामलेदारांवर काढत होते.

आमच्या बाजूला एकच शहाणं माणूस होतं. वेल्समध्येच राहणारी एक बाई; सारखी ग्रंथालयांचे हवाले द्यायची म्हणून मी तिला ‘ग्रंथालयवाली’ म्हणायचे. तिनं अगदी थोडक्यात लिहिलं: त्या खेड्याच्या प्रार्थनामंदिराचं वेल्श भाषेतलं मासिक निघत असे, त्यात या गृहस्थांवर नक्की काही छापलं असणार, जिल्ह्याच्या ग्रंथालयात त्याचे जुने अंक आहेत, मला दोन आठवडे द्या, मी जाऊन पाहते. मामलेदारांनीसुद्धा ते मान्य केलं. छापील पुरावा आणा, मी स्वतःच्या हातानं बदलतो, म्हणाले.

दोन आठवडे! गप्प बसायचं होतं हो नुसतं. कैऱ्या आणून लोणचं घालायचं, नातवाला पाढे शिकवायचे. पण पुस्तिका छपाईला जायची होती, आणि शेजारीण रोज विचारत होती, “दोन मिनिटं झाली का?”

त्या शनिवारी दुपारी आमच्या घरी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमाची तालीम होती. अकरा बायका जमल्या होत्या. साबुदाणावडे झाले, चहा झाला, आणि मी चर्चेचा सगळा इतिहास सांगितला. मुलीला पुरावा मानत नाहीत म्हटल्यावर खोलीत असा संताप उसळला, की अफझलखानाच्या वधाची तालीम राहूनच गेली.

“अहो काकू, मग आपणही लिहूया ना! मतं टाकूया!” बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेली एक जण म्हणाली.

मतं. हाच तो शब्द. त्या विश्वकोशाचा पहिला नियम म्हणजे तिथे डोकी मोजत नाहीत, मुद्दे तोलतात. आणि ओळखीच्या लोकांची फौज आणून बसवणं हा तर तिथला मोठा गुन्हा. हे मी वाचलं होतं! शिक्षिका ना मी, नियम सगळे पाठ. पण तीस वर्षं शिक्षक संघटनेच्या निवडणुका पाहिलेली बाई. बहुमत म्हणजे बहुमत, हे रक्तातच. मी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि एकेकीला खुर्चीवर बसवलं. प्रत्येकीचं नवं खातं, प्रत्येकीचं एक वाक्य. फळ्यापाशी बोलवावं तसं, “पुढची!” म्हणत मी चाळीस मिनिटांत अकरा जणींचं काम उरकलं.

काय काय लिहिलं त्यांनी! एकीनं लिहिलं, ‘वेल्श लोक फार चांगले असतात, माझ्या मिस्टरांचे साहेब वेल्श आहेत.’ दुसरीनं लिहिलं, ‘वरील बाईंशी सहमत.’ तिसरीनंही तेच. एक जण चर्चा पहिल्यापासून वाचत बसली आणि तिनं चक्क मामलेदारांच्या बाजूनं लिहून टाकलं.

“अगं, हे काय केलंस?” मी किंचाळले.

“पण त्यांचं म्हणणं किती मुद्देसूद आहे हो, काकू!”

दुसऱ्या दिवशी निकाल आला. तिथे जे वरिष्ठ असतात, त्यांनी तपासलं: बारा खाती, एकच जागा, एकच संगणक, अकरा खाती चाळीस मिनिटांत जन्मलेली. अशा खोट्या खात्यांना ते बाहुल्या म्हणतात, हातात मोजा चढवून नाचवतात तसल्या. निष्कर्ष असा, की एकच व्यक्ती अकरा बाहुल्या नाचवते आहे, आणि संशय येऊ नये म्हणून एका बाहुलीकडून तिनं उलट मतही देववलं आहे. बाराही खाती बंद. लेखात ‘इंग्रज’ कायम, लेखाला सहा महिन्यांचं कुलूप.

मंडळात आग लागली. “मी बाहुली?” बँकवाली फोनवर ओरडली. “काकू, मी पन्नास माणसांची साहेब आहे! त्यांना सांगा, मी खरी आहे!” सांगू कुठून? पुरावा काय देऊ? आम्ही बारा जणी बारा आहोत, असं कुठल्या वर्तमानपत्रात छापून आलंय? बंद खात्यालाही स्वतःच्या पानावर तेवढं लिहिता येतं, म्हणून मी माझ्या पानावर एक मोठं पत्र लिहिलं, की या सगळ्या बायका स्वतंत्र आहेत, त्यांना वेगवेगळे नवरे आहेत. उत्तर आलं: ‘बाहुल्या वापरणारे बहुधा असंच सांगतात.’

तो अपमान मला आजही गिळवत नाही. चूक माझी होती, मान्य. पण अकरा हाडामांसाच्या बायकांना एका झटक्यात माझ्या हातावरचे मोजे करून टाकायचा अधिकार त्यांना कुणी दिला? बसल्या जागेवरून, एकीशीही न बोलता, तुम्ही कोण ते आम्ही ठरवणार! पासपोर्ट बघून ठरवणार, फॉर्म बघून ठरवणार, संगणकाचा पत्ता बघून ठरवणार. माणसाला तेवढं विचारणार नाहीत.

तीन दिवसांनी ग्रंथालयवालीचा निरोप आला. ‘मासिक आज सकाळी सापडलं. त्यात तुमच्या गृहस्थांवर दोन पानं आहेत, आणि त्यांचं स्वतःचं एक पत्र आहे. हे एवढं पुरेसं होतं. आता मी ते तिथे ठेवलं तर मला तेरावी बाहुली म्हणतील. तुम्ही आमच्या बाजूच्या नसता तर बरं झालं असतं.’

मी ते चार वेळा वाचलं. उत्तर लिहायची सोय नव्हती; त्या मोठ्या पत्रानंतर माझं पानही त्यांनी बंद केलं होतं.

शेजारणीला सांगायचं धाडस व्हायला मला आणखी दोन दिवस लागले. लिफ्टमध्ये भेटेल म्हणून मी जिन्यानं ये-जा करायला लागले. सात मजले, एकसष्टाव्या वर्षी. शेवटी गेले. तिच्या स्वयंपाकघरातल्या गोल टेबलाशी बसून सगळं सांगितलं. रांग, साबुदाणावडे, बाहुल्या, कुलूप, मासिकातली दोन पानं, काही लपवलं नाही. मला वाटलं होतं ती हसेल. लिफ्टमध्ये मला श्रीलंकेला पाठवणारी बाई ती. अकरा बायकांच्या गोष्टीला हसणार नाही तर कशाला हसेल?

ती हसली नाही. मी पुस्तिकेबद्दल विचारलं. ती म्हणाली, ते कधीच झालं. तू बायका गोळा करत होतीस त्याच्या आदल्याच दिवशी मी त्या माणसाला फोन केला, वेल्श छाप नाहीतर वडिलांचा फोटो मिळणार नाही म्हणून बजावलं, आणि त्यानं निमूट बदललं.

मला हायसं वाटलं. इतकं, की त्या मूर्ख बाईनं टेबलावर थाप मारली आणि म्हणाली, “मग झालं की काम! मग मला कशाला कामाला लावलंत?”

तेव्हा ती जे बोलली, ते मी त्याच दुपारी वर येऊन लिहून ठेवलं. शब्द तिचे, मराठी तेवढं माझं:

“पुस्तिका तीनशे माणसं वाचतील आणि टाकून देतील. तुझ्या त्या यंत्रातलं मी मेल्यावरही राहणार आहे, म्हणून मला ते तिथे हवं होतं. आज चुकीचं छापलं तर फोन करायला मी आहे. उद्या कोण करेल? मला मूल नाही. मला वाटलं होतं, तू करशील. पण तुला तर त्यांनी बाहेर काढलंय.”